वाट नसेल तिथे वाट पाडणारे अण्णा
(महर्षी धोंडो केशव कर्वे यांची जीवनकथा)



18 एप्रिल हा भारतरत्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्मदिवस. त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत महिला विद्यापीठाची स्थापना कोणी केली असा प्रश्न आला की उत्तरही पाठ असते. पण एका ओळीच्या त्या उत्तरामागे 104 वर्षांचे आयुष्य आहे, आणि त्यातली साठ-सत्तर वर्षे एकाच कामात गेली आहेत. ज्या मुलींना कोणीही शिकवणार नव्हते, त्यांच्यापर्यंत शाळा नेणे हे ते काम. आपल्या शाळेत पादरा, सावली, डभोई या बाजूच्या गावांतून बसने येणाऱ्या मुली आहेत. दहावी-बारावीनंतर यातल्या किती जणी पुढे शिकतील, याची काळजी आम्हां शिक्षकांना दरवर्षी असते. म्हणूनच या अंकात अण्णांचे चरित्र थोडे सविस्तर सांगावे, असे आम्ही ठरवले.

मुरूडचा मुलगा

अण्णांचा जन्म 1858 साली रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या खेड्यात, आजोळी झाला. त्यांचे घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. समुद्रकाठचे, नारळी-पोफळीचे हे लहानसे गाव. वडील केशवपंत यांची मिळकत बेताचीच होती. घरात पैसा नव्हता, पण कोणापुढे हात पसरायचा नाही अशी शिस्त होती. गावात सोमण गुरुजी नावाचे तळमळीचे शिक्षक होते. पुस्तकाबाहेरचे जग असते आणि गावासाठी काही करायचे असते, ही जाणीव लहान धोंडूला त्यांच्यापासून मिळाली.

त्या काळी मराठी सहावीची परीक्षा पास झाली की शिक्षकाची नोकरी मिळत असे. परीक्षेचे केंद्र साताऱ्याला होते. 1875 साली, ऐन पावसाळ्यात, मुरूडची काही मुले परीक्षेसाठी पायी निघाली. शंभराहून अधिक मैलांचा रस्ता, मधे सह्याद्रीचा घाट, चिखल आणि ओढे. पाठीवर सामान घेऊन ही मुले कशीबशी वेळेत पोहोचली. अण्णा अंगाने किरकोळ होते. परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण लागत, ती त्यांना झाली होती. पण साहेबांना ते दिसायला लहान वाटले आणि त्यांनी अण्णांना परीक्षेला बसू दिले नाही. एवढी पायपीट करून मुलगा दारातून परत फिरला. दुसऱ्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते ही परीक्षा पास झाले.

आम्हांला वाटते, हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पात्रता असूनही केवळ दिसण्यावरून दार बंद होते तेव्हा काय वाटते, हे त्यांनी सतराव्या वर्षी अनुभवले. पुढे आयुष्यभर ज्यांच्यासाठी त्यांनी काम केले, त्या मुलींना तर कोणी परीक्षेच्या दारापर्यंतही येऊ देत नव्हते.

मुंबई आणि पुणे

पुढे अण्णा मुंबईला गेले. शिकवण्या करून त्यांनी रॉबर्ट मनी शाळेतून 1881 साली मॅट्रिक केले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 साली गणित घेऊन बी. ए. झाले. म्हणजे पदवी मिळाली तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते. आज एखादे वर्ष वाया गेले की घरात रडारड होते. अण्णांचे शिक्षण अडत, थांबत, उशिरा झाले, पण झाले.

त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे लग्न चौदाव्या वर्षीच झाले होते. पत्नी राधाबाई आठ वर्षांच्या. मुंबईत अण्णा त्यांना थोडेफार लिहायला-वाचायला शिकवत. 1891 साली राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. 1914 पर्यंत त्यांनी तिथे शिकवले.

एक लग्न आणि गावाचा बहिष्कार

अण्णांचे दुसरे लग्न करायचे घरच्यांनी मनात आणले. तेव्हा चाळिशीतला विधुरही दहा-बारा वर्षांच्या मुलीशी लग्न करी आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. पण त्याच वयाची मुलगी विधवा झाली तर तिचे सारे आयुष्य एका कोपऱ्यात जाई. अण्णांनी सांगितले की लग्न करीन तर विधवेशीच करीन.

त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई हिचे लग्न आठव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच ती विधवा झाली होती. जोशी मंडळी देवरुखची. नरहरपंतांनी धाडस करून बहिणीला मुंबईला आणले आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातले. तिथली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात अण्णांचा आणि गोदूबाईंचा विवाह झाला. त्यांचे नवे नाव आनंदीबाई. पुढे सर्वजण त्यांना बाया म्हणू लागले.

ही दोघे मुरूडला गेली तेव्हा गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. जो त्यांच्याशी संबंध ठेवील त्यालाही वाळीत टाकायचे ठरले. सख्ख्या आईला आणि भावाला त्यांना उघडपणे घरात घेता येईना. ज्या गावासाठी अण्णांनी नोकरीला लागल्याबरोबर मुरूड फंड सुरू केला होता, त्याच गावाने दार लावले. अण्णांनी गावाशी भांडण केले नाही आणि आपला निर्णयही बदलला नाही.

याच 1893 साली आपल्या बडोदे संस्थानात एक वेगळी गोष्ट घडत होती. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमरेली भागात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1906 साली ते सर्व राज्यात लागू केले. त्यात मुलीही होत्या. महाराज स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातले. बाराव्या वर्षी दत्तक येईपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. एकीकडे राजाने कायदा करून शाळा उघडल्या, दुसरीकडे पगारावर जगणाऱ्या एका शिक्षकाने हातात काही नसताना तेच काम हाती घेतले. खेड्यातून आलेल्या या दोन माणसांना एकच गोष्ट दिसली होती, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

हिंगण्याची झोपडी

एका विधवेशी लग्न करून प्रश्न सुटत नाही, हे अण्णांच्या लवकरच लक्षात आले. लग्न थोड्यांचे होईल, बाकीच्यांचे काय? त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे, आणि त्यासाठी शिक्षण हवे. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. स्वतःची शिल्लक त्यांनी या कामात घातली. आश्रम आधी पुणे शहरात होता. प्लेगच्या साथीमुळे आणि शहरातल्या विरोधामुळे तो बाहेर न्यावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहरापासून सुमारे चार मैलांवर हिंगणे या खेड्यात सहा एकर जमीन दिली. 1900 साली तिथे एक साधी झोपडी उभी राहिली. हाच तो आश्रम.

हिंगण्याला तेव्हा धड रस्ता नव्हता. अण्णा दिवसभर कॉलेजात गणित शिकवत आणि संध्याकाळी भाजीपाला, धान्य, लागेल ते सामान खांद्यावर घेऊन पायी हिंगण्याला जात. तिथे मुलींना शिकवत आणि पुन्हा पायी पुण्याला येत. पावसाळ्यात गुडघाभर चिखल असे. रस्त्यात लोक टाकून बोलत. एक दिवस, दोन दिवस कोणीही करील. अण्णांनी हे वर्षानुवर्षे केले.

आश्रमात येणाऱ्या मुली कोण होत्या? बहुतेक कोकणातल्या आणि देशावरच्या खेड्यांतल्या, लहान गावांतल्या. काहींना अक्षरओळख नव्हती. कोणाला चोरून यावे लागले, कोणाला भावाने हिंमत करून आणून सोडले. इथे त्या मराठी शिकत आणि पुढे कोणी शिक्षिका होई, कोणी परिचारिकेचे काम शिके. दहा वर्षांपूर्वी जिला घरात कोणी समोर येऊ देत नव्हते, ती शाळेत फळ्यापुढे उभी राहून शिकवू लागली.

पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट तर प्रत्येक मुलीने वाचावी अशी आहे. त्या बायांची बहीण, देवरुखच्याच. विशीच्या सुमारास विधवा झाल्या, पदरी एक मुलगा. आश्रमात आल्या तेव्हा शिकायचे वय उलटून गेले असे कोणीही म्हणाले असते. त्यांनी अक्षरांपासून सुरुवात केली. पुढे आश्रमाची जबाबदारी सांभाळली आणि गावोगाव सभांतून बोलून आश्रमासाठी वर्गणी जमवली. 1918 साली, इंग्रजी नीट येत नसताना, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या, भाषा शिकल्या आणि 1920 साली परत आल्या.

शाळेकडून विद्यापीठाकडे

आश्रमाचे काम पाहून काही पालकांना आपल्या अविवाहित मुलींनाही शिकवावेसे वाटू लागले. पण विधवांच्या बरोबर मुलीला ठेवणे त्या काळी अशुभ मानत. अण्णांनी वाद घातला नाही. 1907 साली त्यांनी अशा मुलींसाठी वेगळे महिला विद्यालय काढले. मुलगी शाळेत राहिली तर तिचे लग्न चार वर्षे लांबेल, हाही त्यात एक हेतू होता.

मग प्रश्न आला उच्च शिक्षणाचा. कॉलेजचे सर्व शिक्षण इंग्रजीतून होते. खेड्यातून आलेली मुलगी आधी दहा वर्षे इंग्रजीशी झगडेल, मग कॉलेजात जाईल, तोवर तिचे लग्न होऊन जाईल, हे उघड होते. त्याच सुमारास जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली. 1915 साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्या व्यासपीठावरून त्यांनी स्त्रियांच्या वेगळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. 1916 साली ते विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलपती होते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. पहिल्या वर्गात मुली होत्या फक्त पाच. अण्णांचे वय तेव्हा 58 होते. आज त्या वयात माणसे निवृत्तीचा हिशेब करतात.

या विद्यापीठाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे मातृभाषेतून शिक्षण. इंग्रजी एक विषय म्हणून होते, बाकीचे विषय मुलीला आपल्या भाषेतून शिकता येत. पदवीला गृहीतागमा असे संस्कृत नाव होते. सरकारी मदत नव्हती. अण्णा गावोगाव फिरून लहान लहान वर्गण्या गोळा करत. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. मराठी माणसाने काढलेल्या विद्यापीठाला गुजराती गृहस्थाने आधार दिला. मराठीबरोबर गुजरातीतूनही तिथे शिक्षण मिळू लागले, पुढे गुजरातेतही त्याची महाविद्यालये निघाली. आपण गुजरातेत पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी माणसे आहोत. आपल्याला या गोष्टीचा दुहेरी अभिमान वाटला पाहिजे.

टीका आणि मर्यादा

थोर माणसाचे चरित्र सांगताना फक्त गुणच सांगितले तर ते अर्धेच होते. अण्णांवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. सनातनी लोकांना ते धर्म बुडवणारे वाटत, तर काही सुधारकांना ते फार जपून वागतात असे वाटे. स्वतः विधवेशी लग्न करूनही त्यांनी आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होऊ दिला नाही. तसे केले असते तर पालकांनी मुली पाठवल्याच नसत्या, असा त्यांचा हिशेब होता. सुरुवातीच्या काळात आश्रमातल्या बहुतेक मुली ब्राह्मण घरांतल्याच होत्या, हेही खरे आहे. खेड्यातल्या शेतकऱ्याची, मजुराची मुलगी तिथपर्यंत पोहोचली नव्हती. महिला विद्यापीठाच्या पदवीला नोकरीत मान मिळायलाही फार वर्षे गेली. 1951 साली कायद्याने दर्जा मिळाला, तेव्हा विद्यापीठाला पस्तीस वर्षे झाली होती.

घरालाही किंमत मोजावी लागली. पैसा आणि वेळ संस्थेत जाई, संसाराची ओढाताण बायांच्या वाट्याला येई. मुलांना वाढवणे, पाहुण्यांचे करणे, लोकांचे बोलणे ऐकणे, हे सारे त्यांनी निभावले. अण्णांच्या नावापुढे महर्षी लागले. आम्हांला वाटते, त्यात बायांचा अर्धा वाटा आहे.

पुन्हा खेड्याकडे

अण्णांना आपल्या कामातली उणीव दिसत होती असे त्यांच्या उत्तरायुष्याकडे पाहून वाटते. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिकेचा प्रवास केला, विद्यापीठासाठी निधी जमवला. आणि 1936 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी अगदी प्राथमिक शाळेचे काम हाती घेतले. ज्या खेड्यांत कोणतीही शाळा नव्हती तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. विद्यापीठाचा संस्थापक पुण्यात घरोघर फिरून खेड्यातल्या शाळेसाठी वर्गणी मागू लागला. 1944 साली जातिभेद आणि उच्चनीचपणा जावा यासाठी त्यांनी समता संघ काढला.

1955 साली त्यांना पद्मविभूषण आणि 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या हिंगण्याला जायला रस्ता नव्हता, तो भाग आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. त्यांच्या संस्थेने तिथे 1991 साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. झोपडीत बाराखडी गिरवणाऱ्या मुलींपासून इंजिनियर होणाऱ्या मुलींपर्यंतचा हा रस्ता एकाच जागेवर पाहायला मिळतो.

आपण काय घ्यावे?

अण्णांच्या कामाकडे बारकाईने पाहिले तर दिसते की मुलीच्या वाटेतली एकेक अडचण त्यांनी हाताने बाजूला केली. गाव लांब होते, म्हणून राहायची सोय केली. भाषा परकी होती, म्हणून मातृभाषेतून शिकवले. पैसा नव्हता, म्हणून चार चार आण्यांची वर्गणी जमवली. लोक नावे ठेवत होते, म्हणून त्यांना न दुखवता पण न थांबता काम केले. मुली शिकत नाहीत अशी तक्रार करून ते बसले नाहीत, त्या का येत नाहीत हे त्यांनी शोधले.

आज मुलीला शिकवू नये असे उघडपणे कोणी म्हणत नाही. पण कॉलेज लांब आहे, बस संध्याकाळी उशिरा येते, वसतिगृहाचा खर्च झेपत नाही, धाकट्या भावाची फीसुद्धा भरायची आहे, चांगले स्थळ आले आहे, अशी कारणे आम्ही दरवर्षी ऐकतो. ही कारणे खोटी नसतात. तरीही पालकांना आमची विनंती आहे की मुलीचे शिक्षण थांबवायचा निर्णय घरच्या घरी घेऊ नका. आधी शाळेत या, वर्गशिक्षकांशी बोला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवासाची सवलत, बाहेरून परीक्षा देण्याची सोय, यांपैकी काहीतरी मार्ग निघू शकतो. अर्ज भरायला आम्ही बसू.

विश्वस्त मंडळींनाही नम्रपणे सुचवावेसे वाटते. आपल्या संस्थेने आजवर इमारतीसाठी, सभागृहासाठी निधी उभा केला आहे. गावाहून येणाऱ्या मुलींच्या पुढील शिक्षणासाठी एक छोटा कायमचा निधी उभा राहिला, तर दरवर्षी दोन-तीन मुलींचा तरी रस्ता मोकळा होईल. पाच मुलींचा वर्ग लहान वाटून अण्णा थांबले असते तर पुढचे काहीच झाले नसते.

आणि मुलींनो, तुमच्यासाठी एवढेच. पार्वतीबाईंनी मोठेपणी मुळाक्षरांपासून सुरुवात केली. अण्णा सव्वीसाव्या वर्षी पदवीधर झाले. उशीर झाला म्हणून शिक्षण संपत नाही. घरच्यांना जे बोलायचे धाडस होत नसेल ते आम्हांला येऊन सांगा. तुमच्या घरी येऊन बोलायची आमची तयारी आहे.